घाटावर आठ दिवसांसाठी कापड लावायचंय? आधी काढायचं कसं ते ठरव

प्रश्न एका मुलीचा आहे. कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, तिला गावातल्या नदीच्या घाटावर आठ दिवसांसाठी कापडाचं मोठं काम करायचंय, सगळ्या पायऱ्या झाकून. इमारती, बेटं असं अवाढव्य काही थोड्या दिवसांसाठी कापडात गुंडाळणारा कलाकार क्रिस्टो, त्याची कामं बघून हे डोक्यात आलंय. ती तीन गोष्टी विचारतेय: आठ दिवसांनी काढूनच टाकायचं तर एवढा खटाटोप कशाला असं घरचे म्हणतात त्यांना काय सांगू, परवानगीच्या मागे न लागता एका रात्रीत लावून फोटो काढून मोकळं व्हावं का (वर्गातले सगळे हेच सुचवतायत), आणि पैसे कुठून आणू.

मी २६ वर्षं रस्त्यावर रांगोळ्या काढते आणि त्यातली साधारण १५ वर्षं कापडाचीही कामं करते, वाड्यांवर, मैदानांवर, एकदोनदा घाटावरसुद्धा. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, घाई असेल तर नंतर वाच पण पूर्ण वाच.

घरच्यांना सांगायला तुला लांब जायची गरजच नाही गं. पालखी यायच्या दिवशी आम्ही पहाटे तीनला रस्त्यावर असतो. आधी रस्ता झाडायचा, मग पाण्याचा हलका सडा, डांबर जरा ओलसर असतानाच रांगोळी नीट बसते, फार ओलं असेल तर गोळे होतात आणि पूर्ण कोरडं असेल तर पहिल्या गाडीच्या वाऱ्याने उडते. मग खडूने आखणी, चाळणीने रंगाचे पट्टे, वरून चिमटीने बारीक काम. सातआठ तास कंबर मोडून काम केलं की पालखी येते आणि हजारो पावलं त्यावरून जातात, तासाभरात गुलाबी-हिरवा असा एक धुरकट पट्टा उरतो. वारकऱ्यांच्या तळव्यांना रंग लागलेला असतो आणि तो पुढच्या चौकापर्यंत दिसत राहतो, मी दरवर्षी उभी राहून तो बघते. तिथे मला आजवर कोणी विचारलं नाही की पुसलं जाणार होतं तर काढलं कशाला. गणपतीचा देखावा दहा दिवसांचा असतो, त्यालाही कोणी विचारत नाही. म्हणजे आपल्या माणसांना तात्पुरतं काम कळतं, फक्त त्याला "कला" म्हटलं की बिचकतात. आईला पालखीच्या रांगोळीपासून सांगायला लाग, क्रिस्टोपासून नको.

आता क्रिस्टोकडे. एकटा क्रिस्टो म्हणू नकोस आधी, क्रिस्टो आणि जान-क्लोद म्हण. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५, तो बल्गेरियातला आणि ती कासाब्लांकातली, १९५८ मध्ये पॅरिसमध्ये भेटले आणि ती २००९ मध्ये गेली तोवर बाहेरची मोठी कामं दोघांची होती. सुरुवातीची बरीच वर्षं नुसतं त्याचंच नाव लागत होतं. चित्रं तो काढायचा, पण जागा मिळवणं, पैसे उभे करणं, माणसं जोडणं यात ती बरोबरीने होती, आणि हे काम हातातल्या पेन्सिलीएवढंच मोठं आहे हे तुला लवकरच कळेल.

वर्गातल्यांचं "रात्रीत करून टाक" हे दोघांनीही केलेलं आहे बरं का. २७ जून १९६२, पॅरिसमधली रू व्हिस्कोंती नावाची चिंचोळी गल्ली, तिथे ८९ तेलाची पिंपं एकावर एक रचून रस्ता बंद केला. बर्लिनची भिंत आदल्याच वर्षी उभी राहिली होती, त्यावरचं ते उत्तर होतं. परवानगी मिळाली नव्हती तरी केलं, आठ तास ठेवलं आणि काढलं. त्या कामाला तेच शोभत होतं, कारण रस्ता अडवणं हाच त्याचा विषय होता. तुझा विषय तो आहे का? तुला घाट अडवायचाय की लोकांना घाट नव्याने दाखवायचाय? दुसरं असेल तर रात्रीत लावलेलं कापड सकाळी आंघोळीला आलेल्या माणसाला फक्त अडथळा वाटणार, तो ओढून बाजूला फेकणार आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

नंतर त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य परवानग्या मिळवण्यात घालवलं आणि ते त्याला कामाच्या आधीची कटकट मानत नव्हते, कामच मानत होते. कॅलिफोर्नियातलं रनिंग फेन्स घे, १९७६ चं. पांढऱ्या नायलॉनचं ३९.४ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच कुंपण, टेकड्यांवरून वळत वळत समुद्रात उतरणारं, फक्त १४ दिवसांसाठी. त्यासाठी ५९ पशुपालक कुटुंबांची जमीन लागली, म्हणजे ५९ स्वयंपाकघरांत जाऊन बसायचं, चहाकॉफी घ्यायची, त्यांच्या गाईगुरांबद्दल ऐकायचं, मग आपलं सांगायचं. वर १८ जाहीर सुनावण्या. ज्या माणसांनी जन्मात कलादालन बघितलं नव्हतं ती कलेवर भर सभेत बोलायला उभी राहिली, बाजूने आणि विरोधातही. मला विचारशील तर त्या कामाचा सगळ्यात मोठा भाग हा, कापड नंतर आलं.

आणि बर्लिनचं राइशटाग, म्हणजे जर्मनीच्या संसदेची जुनी इमारत गुंडाळण्याचं काम, ते तर घरातल्या भिंतीवर लिहून ठेव. कल्पना १९७१ ची, काम झालं जून १९९५ मध्ये. चोवीस वर्षं! तोवर भिंत पडली, दोन जर्मनीची एक झाली. शेवटी २५ फेब्रुवारी १९९४ ला जर्मनीच्या संसदेत यावर चर्चा होऊन मतदान झालं, बाजूने २९२ आणि विरोधात २२३. एक इमारत दोन आठवडे कापडात गुंडाळायची की नाही यावर देशाची संसद मत देते, चॅन्सेलर कोल यांचा विरोध असतानाही ते मंजूर होतं. एक लाख चौरस मीटर रुपेरी झाक असलेलं कापड, साडेपंधरा किलोमीटर निळा दोर, ते अंगावर सोडायला ९० गिर्यारोहक. दोन आठवड्यांत ५० लाखांच्या आसपास लोक येऊन गेले.

नकार मिळाला की रडत बसायचं नाही हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या द गेट्सला, म्हणजे पायवाटांवर कापड लटकवलेल्या चौकटींच्या कामाला, १९८१ मध्ये सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. आधीच्या प्रस्तावात चौकटी उभ्या करायला जमिनीत भोकं पाडायची होती, चौकटींची संख्याही जवळपास दुप्पट होती, आणि काम शरद ऋतूत व्हायचं होतं. पुढे हे सगळं बदललं, भोकं रद्द करून पोलादाचे वजनदार तळ ठेवले आणि त्यावर खांब बसवले, महिना फेब्रुवारीचा घेतला जेव्हा झाडं उघडी असतात आणि बागेला त्रास कमी. २००५ मध्ये ७,५०३ केशरी चौकटी ३७ किलोमीटरच्या पायवाटांवर उभ्या राहिल्या, १६ दिवस. बर्फात तो केशरी फडकणारा रंग बघून मला पहिल्यांदा पताकाच आठवल्या. निष्पर्ण झाडांमुळे त्या चौकटी लांबूनही दिसतात, शरदात पानांच्या रंगात हरवल्या असत्या. म्हणजे नकारामुळे काम चांगलं झालं असं मी छातीठोकपणे म्हणते.

हे तुझ्या घाटाला लावून बघ. पहिलं म्हणजे घाट कोणाचा आहे ते शोध. देवस्थानचा, नगरपालिकेचा, पाटबंधारे खात्याचा, पुरातत्त्वचा की कुठल्या घराण्याचा, आणि बहुतेक वेळा वरच्या पायऱ्या एकाच्या आणि खालच्या दुसऱ्याच्या असतात. जुना दगडी घाट असेल तर खिळा, हूक, ड्रिल यातलं काहीही नाही, हे अर्जात पहिल्या ओळीत लिही, समोरच्याचे खांदे तिथेच खाली येतात. धरण वर असेल तर विसर्गाची वेळ आणि निरोप कोणाकडून मिळणार ते विचार. पावसाळ्यात हे काम करूच नकोस.

पण कागदाच्या परवानगीपेक्षा मोठी परवानगी घाटावरच्या माणसांची. पहाटे आंघोळीला येणारे आजोबा, धुणं धुणाऱ्या बाया, गळ टाकून बसणारी पोरं, आणि मुख्य म्हणजे दशक्रिया करणारे गुरुजी. एखादं कुटुंब बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी तिथे येतं, पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसतं, त्यांना तुझ्या कापडाशी काय देणंघेणं? आणि कावळा फडफडणाऱ्या कापडाला बिचकून आला नाही तर? हा प्रश्न मला एका गुरुजींनी विचारला होता, माझ्या डोक्यात तो कधीच आला नसता. आम्ही मग विधीच्या बाजूची सगळी जागा मोकळी ठेवली, काम निम्म्यावर आलं आणि खरं सांगते त्या मोकळ्या काळ्या दगडामुळेच उरलेल्या निम्म्याला अर्थ आला. रंगाचंही बघ, पाठवलेल्या स्केचमध्ये तू पांढरं दाखवलंयस, घाटावर पांढरं कापड पसरलेलं बघून आपल्याकडे माणसाच्या मनात पहिलं काय येतं ते तुला माहीत आहे. तेच म्हणायचं असेल तर म्हण, पण ठरवून म्हण.

आणि पायऱ्या पूर्ण झाकायच्या नाहीत म्हणजे नाहीत. ओल्या दगडावर ओलं कापड म्हणजे घसरगुंडी, कडा दिसत नाही, म्हाताऱ्या माणसाचा पाय गेला तर खुबाच मोडतो. वरच्या कोरड्या टप्प्यावर घे किंवा दोन बाजूंना चार-चार फूट वाट उघडी सोड. सुरक्षेबद्दल मी एवढी कडक का, तर याच दोघांचं १९९१ चं छत्र्यांचं काम आठव. जपानमध्ये १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियात १,७६० पिवळ्या छत्र्या, एकेक सहा मीटर उंच. कॅलिफोर्नियात जोराच्या वाऱ्याने एक छत्री उखडली आणि बघायला आलेली एक बाई त्यात गेली. त्यांनी दोन्हीकडचं काम लगेच मिटवायला घेतलं, आणि ते उतरवताना जपानमध्ये क्रेन विजेच्या तारेला लागून एक कामगार गेला. जगात ज्यांच्याइतकी तयारी कोणी करत नव्हतं त्यांच्या हातून हे घडलं. दुसरा मृत्यू काढताना झाला हे लक्षात घे, काढायच्या दिवशी सगळे दमलेले असतात, मन घरी पोचलेलं असतं.

वाऱ्याचं गणित सांगते, हे कोणी शिकवत नाही. कापड वाऱ्यासमोर आडवं ताणलं की ते शीड होतं. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर साधारण सहा किलोचा दाब, ७२ च्या वाऱ्यात चोवीस किलो. तुझं कापड दहा बाय दहा मीटर धरलं तर एकदा सहाशे किलो आणि एकदा चोवीसशे. हे सगळं तुझ्या सुतळीवर आणि त्या चार बांबूंवर येणार. कोलोरॅडोमधल्या दरीत त्यांनी नारिंगी पडदा लावायचा पहिला प्रयत्न केला १९७१ मध्ये, तो फाटून सुटला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लावला आणि २८ तासांत ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा आला, उतरवावा लागला. अठ्ठावीस तास!

माझंही झालंय. एप्रिल महिना, जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर चाळीस बाय वीस फूट मांजरपाट लावलं होतं, गेरूने रंगवलेलं. सकाळी सुंदर दिसत होतं, भिंत श्वास घेतेय असं. दुपारी साडेचारला वळवाचा वारा सुटला आणि पाच मिनिटांत कापड पोट फुगल्यासारखं पुढे आलं. आम्ही सगळीकडे निरगाठी मारल्या होत्या, घट्ट राहावं म्हणून. त्या ताणाखाली एकही सुटेना. वरचा बांबू सज्जाच्या लाकडी महिरपीवर आपटत होता, शेवटी घरातल्या आजींनी स्वयंपाकघरातून विळी आणून दिली आणि आम्ही दोर कापले. महिरपीचा एक तुकडा निघाला तो निघालाच. सुताराचे पैसे मी दिले पण दीडशे वर्षांच्या लाकडाचं पैशाने काय होतं. आजी मला रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम असा, जमिनीवरून हात पोचेल अशा प्रत्येक दोराला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. वरच्या दोरांची टोकं खाली आणून ठेवायची म्हणजे परांचीवर न चढता कापड सोडता येतं. कडेला कॅनव्हासची दुहेरी पट्टी शिवून त्यात दर फुटाला आयलेट, म्हणजे दोर ओवायची धातूची कडी. मध्ये अधूनमधून वारा निघून जायला चिरा, आणि चिरेच्या टोकाला गोल टाका नाहीतर तिथूनच फाटत जातं. वजनाला दगड नको, वाळूच्या गोणी, दगड घरंगळतो. आणि लावायच्या आधी मैदानात एकदा पूर्ण काढून दाखवायचं, घड्याळ लावून. वीस मिनिटांत सगळं खाली आलं नाही तर मी लावायला परवानगी देत नाही, माझ्याच कामाला.

शिर्षकात म्हटलंय ते हेच. लावण्याचा आराखडा सगळे करतात. काढण्याचा आराखडा आधी कर, कोण किती वाजता येणार, कापड कुठे जाणार, काथ्याचे तुकडे कोण वेचणार, नवव्या दिवशी सकाळी घाट कसा दिसेल. रांगोळीच्या बाबतीत मी हे चुकवलेलं आहे, एकदा रात्री दमून रंग तसाच सोडला, पहाटे पाऊस पडला आणि सगळा जांभळा रंग एका दुकानाच्या फरशीच्या पायरीत उतरला. चार दिवस ब्रशने घासत होतो, पायरी पहिल्यासारखी झालीच नाही. १९८३ मध्ये मायामीजवळ बिस्केन बेमध्ये ११ बेटांभोवती गुलाबी कापड पसरायच्या आधी त्या दोघांच्या माणसांनी तिथून ४० टन कचरा उचलला होता, टायर, फ्रीज, काय काय. तुझ्या घाटावरही निर्माल्य, प्लास्टिक, जुने फोटो, चपला असणारच. ते उचलण्यापासून सुरुवात कर, लोक तेव्हाच विचारायला येतात काय चाललंय म्हणून, तिथेच बोलणं सुरू होतं.

पैसे. ते प्रायोजक घेत नसत, सरकारी पैसा घेत नसत, तिकीटही नाही. कामाआधीची चित्रं, कोलाज, मॉडेल विकून सगळा खर्च काढायचे, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याचं नवं चित्र क्रिस्टो काढत नसे, चित्रं सगळी आधीची. पॅरिसची आर्क द ट्रिओम्फ ही विजयकमान गुंडाळायचं काम क्रिस्टो गेल्यावर २०२१ मध्ये झालं, साधारण १ कोटी ४० लाख युरो खर्च, तेसुद्धा याच मार्गाने. तुझी चित्रं कोणी लाखात घेणार नाही आज, हे खरंय, पण चांगली दहाबारा स्केचेस आणि एक मॉडेल केलंस तर गावातले डॉक्टर, वकील, जुने विद्यार्थी दोन-तीन हजाराला एक घेतात, हा माझा अनुभव आहे. स्केच घरी लागलं की तो माणूस काम बघायला बायकोमुलांना घेऊन येतो.

कापड विकत घेऊ नकोस. मंडपवाल्याकडे जा. त्याच्याकडे कनाती, छताचं कापड, वासे, दोर सगळं पडून असतं, लग्नसराई नसलेले आठ दिवस बघून भाड्याने घे, आणि त्याचा एक जुना माणूस रोजाने घे, वाऱ्यात कापड कसं वागतं ते त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. त्याचे पैसे पूर्ण दे, मित्रमैत्रिणींनाही निदान जेवण आणि प्रवासखर्च दे. त्या दोघांनी कामावरच्या माणसांना नेहमी पैसे दिले, फुकट राबवलं नाही. भाड्याचं कापड परत जातं म्हणजे वाया काय गेलं हा प्रश्नही तिथेच संपतो.

बॅनरवाले येतील, नगरसेवकाचा फोटो लावा आम्ही वीस हजार देतो म्हणून. नको घेऊस. काम लहान कर, अर्ध कर, पण त्यावर कोणाचा चेहरा नको. आठ दिवस त्या घाटावर फक्त कापड, दगड आणि पाणी दिसू दे, एवढं आपल्या गावांत कुठे बघायला मिळतं आता.

उद्या काय करायचं ते सांगते. दोन मीटर बाय दोन मीटर मांजरपाट घे, चार कोपऱ्यांना आयलेट पाड, एका दोरात भाजीवाल्याकडचा ताणकाटा अडकव आणि संध्याकाळी पाच ते सात घाटावर वाऱ्यासमोर धरून बस, मैत्रिणीला बरोबर ने. दर दहा मिनिटांनी काट्यावरचा आकडा वहीत लिही, असं चार दिवस. कोण कोण येऊन काय विचारतं तेही शेजारच्या पानावर लिही. ती दोन्ही पानं मला पाठव, मग कापड किती मोठं घ्यायचं ते बोलू.